बारा कामांतलं बोलण्याचं काम एकच

आलेल्या पत्रातला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. सोलापूरच्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली मुलगी, बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, शाळा मराठी. तिला व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय. ती विचारते की तीन महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र पुरेल की एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करावी, सोलापुरात राहून हे शिकता येईल का, आणि नोकरी कुठे मिळते. शेवटी लिहिते, "ताई, माझा स्वभाव बोलका आहे, सगळ्या मैत्रिणी मलाच सल्ला विचारतात. पप्पांची दारू लहानपणापासून बघतेय. दर श्रावणात सोडतात, तिसऱ्या दिवशी थरथर सुटते, गेल्या वर्षी तर कायबाय बरळत होते, मग परत सुरू. म्हणून वाटतं मला हे काम जमेल. जमेल ना?"

जमेल का, ते मी इथून कसं सांगणार? पण बोलका स्वभाव हे पहिलं कारण असेल, तर तेवढं आधी बाजूला ठेव. मी २२ वर्षं हे काम करते. नव्या मुलामुलींत सगळ्यात लवकर थकतात ती छान बोलणारी. पहिल्या आठवड्यातच त्यांचं सगळं समजावून सांगून होतं. समोरचा मान हलवतो, "पटलं मॅडम" म्हणतो आणि घरी सोडल्याच्या संध्याकाळी पिऊन पडतो. मग यांना वाटतं, आपलाच अपमान झाला.

तू जो ऑनलाइन कोर्स बघतेयस तो अमेरिकन धाटणीचा दिसतो. तिकडे या क्षेत्रात पहिल्या पायरीवर येणाऱ्याकडून बारा मूळ कामं घोकून घेतात: प्राथमिक चाळणी, दाखल करून घेणं, केंद्राचे नियम समजावणं, सविस्तर माहिती काढणं, उपचाराचा आराखडा, समुपदेशन, केसचा पाठपुरावा, आणीबाणी सांभाळणं, रुग्णाला आणि घरच्यांना माहिती देणं, योग्य ठिकाणी पाठवणं, नोंदी लिहिणं आणि सहकाऱ्यांशी सल्लामसलत. मोजून बघ, समुपदेशन त्यातलं एक आहे. बाकीची अकरा विचारण्याची, बघण्याची, लिहिण्याची आणि वेळेत दुसऱ्याकडे सोपवण्याची. यादी अमेरिकेतली असली तरी सोलापुरातल्या केंद्रात पहिली दोन वर्षं तू हीच अकरा कामं करणार आहेस. अभ्यासही त्याच बाजूनं सुरू कर.

माझीच चूक सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष, एक लहानसं केंद्र, डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. टॉवेल कारखान्यातला चाळिशीचा माणूस दाखल झाला. मी त्याच्याशी दीड तास बोलले. बालपण, लग्न, कर्ज, भावकी, सगळं काढलं. रजिस्टरमध्ये चार पानं भरली आणि स्वतःवर खूश झाले. शेवटची दारू कधी घेतली, एवढं मात्र विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अंगावरचे नसलेले किडे झटकायला लागला. मला कारखान्यातला मुकादम समजून माझ्याशी हुज्जत घालायला लागला. घामानं अंथरूण भिजलं. वॉर्डबॉय म्हणाला, नाटक करतोय. घरी फोन केला तर ते म्हणाले, बाहेरचं काहीतरी दिसतंय, अंगारा लावा. आणि मी, पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई, त्याला तासभर "शांत व्हा, दीर्घ श्वास घ्या" सांगत बसले. मग फिट आली. रिक्षात घालून नेलं. माणूस वाचला, त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी शरीर शिक. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेण्यासाठी स्वतःचा वेग वाढवून बसलेला असतो. दारू एकदम काढली की ब्रेक निघतो आणि वेग तसाच राहतो. शेवटच्या दारूनंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. आणि दुसरा दिवस संपल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत काहींना भ्रम होतो: वेळकाळ कळत नाही, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी धावते. याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, केंद्रात सगळे "डीटी" म्हणतात. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो. तुला औषध द्यायचं नाही, तो तुझा अधिकारही नाही. पण तिसऱ्या दिवशी किडे झटकणारा माणूस दिसला की अंगारा आणि समुपदेशन दोन्ही थांबवून गाडी बोलवायची, एवढं तुला झोपेतही आलं पाहिजे. आणखी एक लक्षात ठेव. कित्येक महिने जेवणाऐवजी दारूवर राहिलेल्या माणसाला थकवा दिसला म्हणून कुणी नुसतं ग्लुकोज लावायला निघालं, तर "डॉक्टरांनी बी-१ सांगितलंय का?" एवढं विचार. या बी-१ शिवाय, म्हणजे थायमिनशिवाय ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नवीन मुलीनं हे विचारलं की भुवया उंचावतात, उंचावू देत.

आपल्याकडे ताडीचाही भाग आहे. ताडी म्हणजे झाडाचा रस, त्याला काय होतंय, असं घराघरात ऐकशील. पण तेलंगणात ताडीत अल्प्राझोलम आणि क्लोरल हायड्रेट ही गुंगीची औषधं मिसळल्याच्या नोंदी आहेत. २०१५ साली तिकडे भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली आणि पुरवठा एकदम आटला, तेव्हा निजामाबादच्या बाजूला शेकडो माणसं थरथर, भास, फिट घेऊन दवाखान्यांत आली. ती नुसती ताडी बंद झाल्याची लक्षणं नव्हती, ती गोळ्या बंद झाल्याची होती. आपल्याकडच्या कित्येक घरांचं नातंगोतं तिकडे आहे, येणंजाणं आहे. म्हणून "काय पिता?" यावर "ताडी" असं उत्तर आलं की तिथे थांबू नको. कुठली, किती, आणि एक दिवस मिळाली नाही तर काय होतं, हे विचार.

मोजमापाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. गुण ० ते ४०, आणि ८ किंवा जास्त झाले की पिणं धोक्याच्या बाजूला समजतात. कोर्समध्ये ती तुला तोंडपाठ होईल. पण तिच्यात "किती ड्रिंक" विचारलेलं असतं आणि आपला माणूस सांगतो "एक क्वार्टर". हिशेब कर. १८० मिलिलिटर, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर. वजनात साधारण ६० ग्रॅम. आपल्याकडे एक स्टँडर्ड ड्रिंक १० ग्रॅमचं धरतात. म्हणजे "फक्त एक क्वार्टर" म्हणणाऱ्याची सहा ड्रिंक झाली. त्याच चाचणीत एका बैठकीत सहा किंवा जास्त कितीदा होतात असा प्रश्न आहे. आपल्या माणसाचं उत्तर "रोज", आणि कागदावर शिकाऊ मुलीनं लिहिलेलं असतं "१". हातभट्टीचं तर प्रमाणच नसतं, तिथे ग्लास कुठला आणि किती वेळा भरला हेच लिहायचं.

नोंदीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण कोर्समध्ये हा विषय सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. शिकाऊ मुलांच्या वहीत मला दर वर्षी एक वाक्य सापडतं: "रुग्ण खोटे बोलतो, सुधारण्याची इच्छा दिसत नाही." यात माहिती शून्य आहे. त्याच माणसाबद्दल असं लिहिता येतं: "रुग्णाच्या म्हणण्यानुसार रोज १ क्वार्टर, पत्नीच्या म्हणण्यानुसार २ ते ३. शेवटची दारू काल रात्री १० वाजता. आज सकाळी ९ वाजता दोन्ही हातांना थरथर, घाम. गेल्या वर्षी दारू बंद केल्यावर एकदा फिट आल्याचं पत्नी सांगते. डॉक्टरांना ९:२० ला फोनवर कळवलं." दुसरी नोंद वाचून रात्रपाळीच्या माणसाला कळतं की आज कुणावर डोळा ठेवायचा. मी तर म्हणेन, चांगली नोंद लिहिणारी मुलगी मला चांगलं बोलणाऱ्या मुलीपेक्षा दुप्पट हवी असते.

पहिल्या महिन्यातच तुला एक बाई बाजूला घेईल आणि पदराआडून विचारेल, "मॅडम, जेवणात मिसळायचं औषध द्या ना, त्यांना न कळता." भिंतीवरच्या जाहिरातींनी हे डोक्यात भरवलंय. त्या पुड्यांत काय असतं देव जाणे. पण कित्येक घरांत खरंच डायसल्फिरामची गोळी चूर्ण करून आमटीत घातली जाते. या गोळीनं दारू पचवण्याची पुढची पायरी अडते, ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं, आणि वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. काही माणसं यात मरतात. ही गोळी चांगली आहे, पण डॉक्टरनं तपासून दिलेली आणि घेणाऱ्याला माहीत असलेली. त्या बाईवर मात्र रागावू नको. ती तुझ्याकडे येईपर्यंत नवस झालेले असतात, दोन डोरली गहाण पडलेली असतात. तिला धोका सांग, आणि मग तिच्याशी एकटीशी बोल: मारहाण होते का, मुलं कुठे झोपतात, घरखर्चाचं काय. विड्यांच्या हजारावर मिळणाऱ्या पैशातून त्याची दारू जात असेल तर केस दोघांची आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोटात ठेवायचं नाही. पॉक्सो कायद्यानं, २०१२ च्या, कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं असतं: तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील, पण कुणाच्या जिवाला किंवा मुलाला धोका असेल तर राहणार नाही.

जीव देण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस हलका होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन नंबर फोनमध्ये नको, पाठ ठेव.

आता ते उरलेलं एक काम, बोलण्याचं. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली एक पद्धत मांडली, पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर वाढवली. तिला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. नाव भारदस्त, गाभा साधा: बदलाचं कारण आपल्या तोंडून नाही, त्याच्या तोंडून बाहेर आलं पाहिजे. तू म्हणालीस "लिव्हर खराब होईल", की तो म्हणणार "माझा आजा ऐंशी वर्षांचा होईपर्यंत पीत होता." तू एका बाजूनं ओढलंस की तो दुसऱ्या बाजूनं ओढतो. त्यापेक्षा विचार, "दारूनं तुम्हाला बरं काय वाटतं?" हे ऐकून नातेवाईक चिडतात. पण एका मागवाल्यानं मला सांगितलं होतं, "बारा तास उभं राहून पाय भरून येतात, कानात मागाचा आवाज राहतो. प्यायलो की आवाज थांबतो." मी म्हटलं, "आवाज थांबतो." तो गप्प. मीही गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "परवा पोरीनं माझ्या हातचा चहा घेतला नाही." तिथे मला तोंड उघडायची फार इच्छा झाली होती. उघडलं नाही, म्हणून पुढची दहा मिनिटं तोच बोलत राहिला. कोर्समध्ये याला चिंतनशील ऐकणं वगैरे म्हणतात. सराव मात्र असाच करावा लागतो, जीभ दाताखाली धरून.

माळ घातली की दारू सुटते, यावर हसू नको. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि माळेनं दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. माळ घातलेल्याला कुणी आग्रह करत नाही, संध्याकाळी भजनाला जागा मिळते, नवे सोबती मिळतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मिटिंगमध्येही जवळजवळ हेच मिळतं. ती सभा १९३५ साली अमेरिकेत एक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केली. फक्त माळ घालण्याआधी डॉक्टरला दाखवायला सांगायचं, कारण थरथर माळ बघून थांबत नाही.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जिचा तू पत्रात नुसता उल्लेख केलास. तेलुगू. आपल्या शहरात मराठीतून नोंद घेणाऱ्यासमोर तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारा माणूस बसतो आणि "हो, बरोबर" म्हणत राहतो. त्याच माणसाला तेलुगूत "एमैंदी?", काय झालं, असं विचारलं की खुर्ची पुढे सरकते. कन्नडचं "एनाय्तु?" तेवढंच शिकलीस तरी चालेल, पुढचं तोच शिकवेल. लाज, कर्ज, बायकोवर उचललेला हात, हे माणूस ज्या भाषेत आईशी बोलतो त्याच भाषेत सांगतो. केंद्रात मुलाखतीला जाशील तेव्हा हे पहिल्या ओळीत लिही.

अभ्यासक्रमांबद्दल आता पटापट सांगते. तीन महिन्यांचं प्रमाणपत्र वाईट नाही, पण त्या एकट्यावर पाया रचू नको. ते जोडपत्र आहे. शक्य असेल तर एमएसडब्ल्यू कर. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षं, आणि त्यातला खरा माल म्हणजे क्षेत्रकार्य, आठवड्यातले दिवस ठरवून संस्थेत, रुग्णालयात, वस्तीत घालवावे लागतात. सोलापुरात वालचंद महाविद्यालयात हा विभाग आहे, घर सोडायची गरज नाही. कमावत शिकायचं असेल तर इग्नूची दूरशिक्षणाची एमएसडब्ल्यू आहे, समुपदेशनाचीही आहे. क्षेत्रकार्य तिथेही चुकत नाही, आणि चुकवू देणारी संस्था सापडली तर तिथून पळ. मानसशास्त्रात एम.ए. केलंस तर चाचण्या चांगल्या कळतील, पण घर, वस्ती, सरकारी योजना यांचा भाग कच्चा राहतो. आणि एम.ए. झाल्यावर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेऊ नको. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं वेगळं शिक्षण आणि नोंदणी लागते. गावात पाट्या लागलेल्या दिसतील, म्हणून सांगते.

वरच्या प्रशिक्षणाचं म्हणशील तर केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखालची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणं घेते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे ऑनलाइन वर्ग असतात. आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पुलंच्या मदतीच्या बळावर, ते सुरू केलं. तिथे रुग्णाला "रुग्णमित्र" म्हणतात. हा शब्द सगळीकडे पसरलाय. मी सुरुवातीला नाक मुरडायचे, मग लक्षात आलं की शब्द बदलला की नोंदीतलं "खोटे बोलतो" आपोआप कमी होतं. तिथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेले बरेच आहेत. अशा सहकाऱ्याकडून शिकताना डिग्रीचा तोरा घरी ठेवायचा.

नोकरी. देशात व्यसनाचं मोजमाप करणारं मोठं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं, एम्सनं केलेलं. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं निघालं. म्हणजे कामाला तोटा नाही. पदांना आहे. अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रात जे मिळतं त्याला मानधन म्हणतात, आणि ते उशिरा आलं तर आश्चर्य मानू नको. म्हणून नजर फक्त "व्यसनमुक्ती" या पाटीवर ठेवू नको. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, तंबाखू नियंत्रण कार्यक्रम, एचआयव्ही समुपदेशन केंद्र, अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं वन स्टॉप सेंटर, बाल संरक्षण कक्ष, कौटुंबिक न्यायालय, या सगळ्या ठिकाणी तुला दारू भेटणारच, फक्त मागच्या दारानं. तंबाखूकडे तर कुणी व्यसन म्हणून बघतच नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते आणि बिडी-सिगारेटवाले जेमतेम ३.८ टक्के. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि मावा कुठे मिळतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तुझ्या गल्लीतल्या बायकांच्या मिसरीची साधी विचारपूस, सुरुवात कधी झाली, दिवसातून किती वेळा, सोडून बघितली का, हा तुझ्या क्षेत्रकार्याचा पहिला अहवाल होऊ शकतो.

कुठल्याही केंद्रात रुजू होण्याआधी तीन गोष्टी बघ. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक स्थितीही येतात. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी हवी. ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? डॉक्टर खरंच येतात का, की नुसती सही येते? आणि रुग्णाला घरी फोन करता येतो का? रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून आणणारी, मारून "शिस्त" लावणारी ठिकाणं आहेत. एकात मी आठवडाभर होते. तिथे शिकाऊ म्हणून राहिलीस तर दोन महिन्यांत तुलाही ते साधं वाटायला लागेल.

घरकुलात राहून घरकुलातल्याच माणसांबरोबर काम करशील तेव्हा एक नियम: रस्त्यात भेटलेल्या रुग्णाला तू आधी हाक मारायची नाही. त्यानं मारली तर बोलायचं. सोबतच्यानं विचारलं "ही कोण?", तर काय सांगायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. गोपनीयतेचं कलम त्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात २३ व्या क्रमांकावर आहे, पण तुझ्यासाठी ते किराणा दुकानाच्या रांगेत आहे. आईलाही सांगायचं नाही.

आणि विकणाऱ्याला राक्षस समजू नको. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्याचं नाव हातभट्टीसाठी घेतलं जायचं. २०२१ साली तेजस्वी सातपुते ग्रामीण पोलीस अधीक्षक असताना ऑपरेशन परिवर्तन सुरू झालं. त्यात नुसते छापे टाकून न थांबता त्या कुटुंबांना दुसरा धंदा, प्रशिक्षण, कर्ज मिळवून देण्याकडे लक्ष दिलं गेलं. समाजकार्य शिकताना याचा अभ्यास जरूर कर. बाटलीच्या दोन्ही टोकांना घरं असतात.

आता तुझी शेवटची ओळ. पप्पांची दारू बघत मोठी झालीस म्हणून हे काम जमेल, असं नाही. जमणार नाही, असंही नाही. या क्षेत्रात येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी हेच असतं, माझ्याही होतं. धोका कुठे होतो तर समोर पप्पांच्या वयाचा माणूस बसला की आपण त्याला बरं करायला नाही, हिशेब चुकता करायला बसतो. नाहीतर उलट, त्याला वाचवायला इतकं धावतो की त्याला काही करायचं शिल्लकच राहत नाही. यासाठी घरच्यांची वेगळी सभा असते, अल-अ‍ॅनॉन. तिथे सहा महिने नुसती बस. पप्पांची केस तू घ्यायची नाहीस. आत्ताही नाही आणि पदवी मिळाल्यावरही नाही.

पण तू पत्रात जाता जाता एक वाक्य लिहिलंस, ते मी तीनदा वाचलं. दर श्रावणात सोडतात, तिसऱ्या दिवशी थरथर, गेल्या वर्षी बरळत होते. तू हे त्यांचा निश्चय कच्चा असल्याची खूण म्हणून लिहिलंय. वरचं सगळं वाचल्यावर ते आता पुन्हा वाच. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम बंद, असं दर वर्षी करणाऱ्याचा त्रास वर्षागणिक वाढत जातो, कारण प्रत्येक वेळी मेंदू जास्त बिथरतो. ते श्रावण मोडत नाहीत, त्यांचं शरीर त्यांना परत बाटलीकडे ढकलतं. या वर्षी आषाढ संपण्याच्या दोन आठवडे आधी त्यांना सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा. तू नको, काकाला किंवा आईला पाठव, तू फक्त केसपेपरच्या रांगेत उभी राहा. कागदावर तीन गोष्टी लिहून दे: रोज किती, गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी नेमकं काय झालं, आणि शेवटची दारू किती वाजता घेतली. डॉक्टर पहिलं हेच विचारतील.